फुटबॉलचे बदलते नियम आणि पोलिसांच्या गोळ्या: मला सारखे विचारले जाणारे प्रश्न

आधी एक खुलासा. इथे फुटबॉल म्हणजे अमेरिकन फुटबॉल, एनएफएलवाला, हेल्मेट घालून एकमेकांवर आदळतात तो. मेस्सीचा नाही. मी बरीच वर्षं क्लीव्हलंडच्या आसपास राहतोय, त्यामुळे भारतातले नातेवाईक, इथल्या मंडळातले लोक आणि नव्याने आलेली पोरं सगळे मला याच दोन विषयांवर छळतात: हे लोक दरवर्षी खेळाचे नियम का बदलतात, आणि तो गुडघ्यावर बसणारा खेळाडू, काळे लोक आणि पोलिस हे नक्की काय प्रकरण आहे. प्रत्येकाला वेगळं टाइप करायचा कंटाळा आला म्हणून एकत्र लिहून ठेवतोय. मतं माझी आहेत, नाही पटली तर नाही पटली.

हे दोन विषय एकत्र कशाला? खेळ खेळाच्या जागी, पोलिस पोलिसांच्या जागी.

मी नाही हो एकत्र केले. ऑगस्ट २०१४ मध्ये सेंट लुइसजवळच्या फर्ग्युसनमध्ये मायकल ब्राऊन हा १८ वर्षांचा काळा मुलगा पोलिसाच्या गोळीने मेला. २४ नोव्हेंबरला ग्रँड ज्युरीने (खटला भरायचा की नाही ते ठरवणारे नागरिक) त्या पोलिसावर खटला भरायला नकार दिला आणि ३० तारखेला सेंट लुइस रॅम्सचे पाच खेळाडू मॅचच्या आधी दोन्ही हात वर करून मैदानात आले. पोलिस संघटना भडकली, कारवाई करा म्हणाली, लीगने केली नाही. मग २०१६ ला तो गुडघ्यावर बसणारा कॅपरनिक झाला आणि २०१८ मध्ये तर टीमच्या मालकांनी एकत्र बसून त्यावर नियमच काढला. म्हणजे हा विषय फुटबॉलच्या नियमांत आधीच घुसलेला आहे.

जाता जाता एक सांगतो. नंतर फेडरल न्याय विभागाच्या चौकशीत ब्राऊनने हात वर केले होते ही साक्ष टिकली नाही. आणि त्याच विभागाच्या दुसऱ्या अहवालात फर्ग्युसन पोलिसांचं जे बाहेर आलं ते भयंकर होतं, वस्ती ६७ टक्के काळी आणि अटक झालेल्यांत काळे ९३ टक्के. दोन्ही अहवाल मार्च २०१५ चे. लोक आपापल्या सोयीचा एकच वाचतात आणि दुसरा आहे हेच विसरतात.

दरवर्षी नियम का बदलतात? क्रिकेटसारखं ठेवा ना एकदाचं.

क्रिकेटमध्ये बदलत नाहीत असं कोण म्हणतं, पण असो. एनएफएलमध्ये ३२ टीम, एका टीमला एक मत, नियम बदलायला २४ मतं लागतात. दर वसंतात मालक लोक कुठल्यातरी महागड्या हॉटेलात जमतात आणि मतदान करतात. हा खेळ मुळातच मरणाच्या भीतीने बदलत आलेला आहे. १९०५ च्या सुमारास मैदानांवर इतकी पोरं मरत होती की राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्टने हार्वर्ड, येल आणि प्रिन्स्टनच्या लोकांना व्हाइट हाउसला बोलावून दम दिला, आणि १९०६ मध्ये फॉरवर्ड पास, म्हणजे बॉल पुढे फेकणं, कायदेशीर झाला. आज ज्या लांब पासवर लोक वेडे होतात तो तेव्हाच्या जुन्या फॅनना बायकी वाटायचा. प्रो कबड्डीने तिसरी चढाई 'करो या मरो' केली तेव्हा आपल्याकडचे जुने कबड्डीवाले जसे कुरकुरले, तसंच अगदी.

ते नवीन किकऑफ काय आहे? सगळे पुतळ्यासारखे का उभे असतात?

हा माझा आवडता विषय आहे, जरा सविस्तर सांगतो.

किकऑफ म्हणजे एका टीमने बॉल लांब मारून दुसरीला देणं, त्याने खेळ सुरू होतो. पूर्वी किक मारणाऱ्या टीमचे दहा जण किकरच्या बरोबरीने उभे राहायचे आणि बॉल उडाला की पन्नास-साठ यार्ड जिवाच्या आकांताने धावत जाऊन समोरच्यावर आदळायचे. शंभर-सव्वाशे किलोचा माणूस फुल स्पीडमध्ये येतोय आणि समोरून तसाच दुसरा. मेंदूला मार बसण्याचं प्रमाण या एका प्लेमध्ये इतर प्लेपेक्षा फार जास्त होतं. मग लीगने हळूहळू किकऑफ मारूनच टाकला. २०११ ला किक पाच यार्ड पुढे आणली म्हणजे बॉल थेट एंड झोनमध्ये (मैदानाच्या टोकाच्या पट्ट्यात) जाईल आणि कुणी पळणारच नाही, नंतर धावत स्टार्ट घ्यायला बंदी, असं करत करत फेब्रुवारी २०२४ च्या सुपर बोलमध्ये (म्हणजे फायनलमध्ये) एकही किकऑफ परत पळवला गेला नाही. लोक त्या वेळात वडे तळून आणायचे.

२०२४ पासून उलट केलं. आयडिया एक्सएफएल नावाच्या छोट्या लीगची आहे. किकर एकटाच आपल्या ३५ यार्डावर. त्याचे दहा साथीदार आधीच पुढे, समोरच्या टीमच्या ४० यार्डावर रांगेत. त्यांच्यासमोर पाच यार्डांवर समोरच्या टीमचे ब्लॉक करणारे. बॉल जमिनीला किंवा मागे थांबलेल्या पकडणाऱ्याला लागेपर्यंत या दोन रांगांनी हलायचंच नाही, म्हणून ते पुतळे. बॉल लागला की एकदम धडक, पण पाच-दहा यार्डांची, साठची नाही. म्हणजे धडक ठेवली, रन-अप काढला.

पहिल्याच वर्षी पळवलेल्या किकचं प्रमाण २२ टक्क्यांच्या आसपास होतं ते ३२-३३ वर गेलं. टीम तरी एंड झोनमध्येच मारत होत्या कारण त्याची शिक्षा कमी होती, त्यात बॉल ३० यार्डावर मिळायचा, मग २०२५ ला तो ३५ वर केला आणि नियम कायमचा केला.

मग खेळ बिघडला का सुधारला?

सुधारला. दिसायला विचित्र आहे हे मान्य, पहिले दोन महिने मलाही टीव्ही अडकला असं वाटायचं. पण २०२४ च्या सीझनमध्ये लीगने मोजलेली कन्कशन (डोक्याला मार बसून मेंदूला होणारी इजा) १८२ होती, २०१५ पासूनचा सगळ्यात कमी आकडा. सगळं श्रेय किकऑफचं नाही, हेल्मेटही बदललीयत. मला आवडलं ते हे की यांनी प्रत्येक प्लेचे व्हिडिओ बघून, कुठे कोण किती वेगात आदळतो हे मोजून, त्यावर नियम बनवला आणि चुकला तर पुढच्या वर्षी परत बदलला.

टश पुशवर बंदी घालायला हवी का?

ज्यांनी बघितलं नाही त्यांच्यासाठी: एक यार्ड हवा असला की फिलाडेल्फिया ईगल्सचा क्वार्टरबॅक (बॉल घेऊन खेळ चालवणारा) जेलन हर्ट्स सेंटरच्या (त्याला बॉल देणाऱ्याच्या) पाठीला चिकटून वाकतो, मागे दोघं-तिघं उभे राहतात आणि बॉल हातात आला की त्याच्या ढुंगणाला धक्का देऊन सगळा ढिगारा पुढे ढकलतात. नावातच सगळं आलं.

२०२५ मध्ये ग्रीन बे पॅकर्सने बंदीचा प्रस्ताव आणला. मे महिन्यात मतदान झालं, २२ विरुद्ध १०, म्हणजे दोन मतांनी पडला. बंदीवाले खेळाडूंच्या सुरक्षेचं नाव घेत होते पण या प्लेमध्ये इजा होतात हे दाखवणारा ठोस डेटा कुणाकडे नव्हता, खरं दुखणं हे की ईगल्सला जमतं आणि आपल्याला जमत नाही. माझं मत विचाराल तर कुरूप आहे, बघायला मजा नाही, पण कुरूप म्हणून बंदी घालायची असेल तर तसं सरळ म्हणा, सुरक्षेच्या आड लपू नका. मी ब्राऊन्सचा, म्हणजे आमच्या क्लीव्हलंडच्या टीमचा फॅन आहे, आम्हाला ढकलूनही जमणार नाही तो भाग वेगळा.

एवढे कॅमेरे असून रेफ्रींचे निर्णय चुकतात कसे?

चुकतात, कारण प्रश्न कॅमेऱ्याचा नसतोच, मागे जाऊन काय काय तपासायची परवानगी आहे याचा असतो. रिप्ले १९८६ ला आला, १९९२ ला बंद केला, १९९९ ला परत आणला. जानेवारी २०१९ ला न्यू ऑर्लिन्समध्ये सेंट्स विरुद्ध रॅम्स, सुपर बोलला कोण जाणार ते ठरणार, आणि बॉल पोचायच्या कितीतरी आधी रॅम्सच्या खेळाडूने सेंट्सच्या रिसीव्हरला (पास पकडणाऱ्याला) उडवलं. अख्ख्या स्टेडियमने बघितलं. फ्लॅग (फाउलचा झेंडा) पडला नाही. मारणाऱ्याने मॅचनंतर स्वतःच कबूल केलं. पण तेव्हाच्या नियमात ही गोष्ट रिप्लेमध्ये तपासताच यायची नाही! दंगा झाल्यावर पुढच्या सीझनला ती मुभा दिली, रेफ्री आपलेच निर्णय फिरवायला तयार नव्हते त्यामुळे वर्षभर सगळ्यांचं डोकं फिरलं आणि नियम गुंडाळला.

हे लक्षात ठेवा, खाली पोलिसांच्या भागात परत लागेल.

कॅपरनिक गुडघ्यावर का बसला? हा राष्ट्रगीताचा अपमान नाही का?

आमच्या काकांचा हा फेवरेट प्रश्न. आपल्याकडे थिएटरमध्ये राष्ट्रगीताला उभं राहायची सवय असल्यामुळे बहुतेक मराठी माणसांना पहिल्यांदा ऐकल्यावर राग येतो, ते मी समजू शकतो.

घटना अशी. जुलै २०१६ मध्ये सलग दोन दिवसांत लुइझियानात ऑल्टन स्टर्लिंग आणि मिनेसोटात फिलँडो कॅस्टिल हे दोघे काळे पुरुष पोलिसांच्या गोळ्यांनी मेले, दोन्हींचे व्हिडिओ सगळीकडे फिरले. कॅस्टिलने तर पोलिसाला आधीच शांतपणे सांगितलं होतं की माझ्याकडे बंदूक आहे (तिचं लायसन्स होतं). ऑगस्टमध्ये सॅन फ्रान्सिस्को ४९र्सचा क्वार्टरबॅक कॉलिन कॅपरनिक सरावाच्या मॅचना राष्ट्रगीत चालू असताना बेंचवर बसून राहायला लागला. पहिल्या दोनदा कुणाच्या लक्षातही आलं नाही. तिसऱ्यांदा पत्रकारांनी विचारलं तेव्हा त्याने सांगितलं की जो देश काळ्या लोकांना दडपतो त्याच्या झेंड्याचा अभिमान दाखवायला मी उभा राहणार नाही.

मग नेट बॉयर नावाचा माणूस मध्ये आला, माजी ग्रीन बेरे म्हणजे लष्कराच्या स्पेशल फोर्सेसमधला, थोडा काळ एनएफएलच्या एका टीमबरोबरही होता. त्याने खुलं पत्र लिहिलं, दोघे सॅन डिएगोमध्ये भेटले, आणि बॉयरने सुचवलं की बसून राहण्यापेक्षा एक गुडघा टेक, सैनिक मेलेल्या साथीदाराच्या थडग्यासमोर टेकतात तसा. १ सप्टेंबर २०१६ ला कॅपरनिकने तेच केलं, सोबत एरिक रीड, आणि शेजारी बॉयर स्वतः उभा. म्हणजे जो गुडघा लष्कराचा अपमान म्हणून गाजला तो एका सैनिकाच्या सल्ल्याने आलेला आहे. हे सांगितलं तरी काका म्हणतात अपमान तो अपमान. ठीक आहे.

मैदानावरची देशभक्ती काही सगळी आपोआप फुललेली नव्हती हेही जाता जाता. २०१५ मध्ये अ‍ॅरिझोनाचे दोन रिपब्लिकन सिनेटर, मकेन आणि फ्लेक, यांनी अहवाल काढला की मॅचमधले काही सैनिक-सन्मान कार्यक्रम संरक्षण खात्याने टीमना पैसे देऊन करवले होते. एनएफएलने नंतर ७ लाखांहून जास्त डॉलर परत केले.

मग लीगने त्यावर नियम काढला म्हणताय तो कुठला?

सप्टेंबर २०१७ मध्ये ट्रम्प यांनी अलाबामातल्या हंट्सव्हिलच्या सभेत गुडघा टेकणाऱ्या खेळाडूंना शिवी देऊन मालकांनी यांना हाकलावं म्हटलं. त्या रविवारी दोनशेहून जास्त खेळाडू बसले किंवा गुडघ्यावर गेले. जॅक्सनव्हिलचे मालक शाहिद खान, मूळचे लाहोरचे, लंडनच्या वेंबलीवर खेळाडूंच्या हातात हात घालून उभे राहिले. मालकांची पंचाईत झाली, एकीकडे खेळाडू, त्यात तेव्हा साधारण ७० टक्के काळे, आणि दुसरीकडे तिकीट घेणारे आणि जाहिरात देणारे.

मे २०१८ ला मालकांनी नवीन नियम काढला: मैदानात असाल तर उभं राहायचं, नसेल राहायचं तर लॉकर रूममध्ये थांबा, मैदानात गुडघा टेकला तर टीमला दंड. खेळाडूंच्या युनियनला विचारलंही नाही. जुलैत युनियनने तक्रार दाखल केली आणि दहाच दिवसांत लीगने नियम थंड्या बस्त्यात टाकला. एकही मॅच त्या नियमाने खेळली गेली नाही.

किकऑफ बदलताना कित्येक वर्षांचे व्हिडिओ बघतात आणि हा नियम मात्र टीव्हीचे प्रेक्षक आणि एक भाषण बघून झाला. इजा कुठे होतेय हे कुणी विचारलंच नाही. माझा यांच्यावरचा राग एवढाच आहे.

कॅपरनिकला लीगने मुद्दाम बाहेर ठेवलं की तो खेळाडू म्हणून संपला होता?

दोन्ही बाजूंचे आकडे देतो. २०१६ मध्ये त्याने १६ टचडाऊन पास टाकले आणि फक्त ४ इंटरसेप्शन (समोरच्या टीमने पकडलेले पास), हे चांगलं आहे. टीम मात्र २-१४ होती आणि तो स्टार्टर असताना ११ पैकी एकच मॅच जिंकली. मार्च २०१७ ला त्याने स्वतः करार सोडला (टीम तसंही काढणार होती म्हणतात) आणि त्यानंतर कुणीच घेतलं नाही, त्याच्याहून कितीतरी सुमार क्वार्टरबॅक मात्र बेंचवर पगार घेत होते. त्याने मालकांच्या संगनमताची तक्रार केली, फेब्रुवारी २०१९ ला लीगने तडजोड केली, रक्कम गुप्त. मला वाटतं की स्टार म्हणून नसता राहिला, पण बॅकअप म्हणून सहज पाच वर्षं खेळला असता.

पोलिस काळ्यांना जास्त मारतात हे खरंय का? नीट आकडे सांगा.

पहिली गोष्ट, २०१४ पर्यंत या देशाकडे आकडेच नव्हते. अमेरिकेत पोलिस खाती १८ हजारांच्या आसपास, त्यांनी एफबीआयला कळवायचं की नाही हे ऐच्छिक. फर्ग्युसननंतर वॉशिंग्टन पोस्ट या पेपरने बातम्या आणि नोंदी गोळा करून मोजायला सुरुवात केली तेव्हा कळलं की एफबीआयच्या आकड्यांत निम्म्याहून जास्त मृत्यू गायब होते. एनएफएलमध्ये कुणाचा घोटा मुरगळला तरी बुधवारी अधिकृत यादी निघते, आणि पोलिसांच्या गोळीने किती माणसं मेली हे मोजायला पेपरवाले लागले. पेपरने २०२४ संपल्यावर ते अपडेट करणंही बंद केलं.

तर आकडे. दरवर्षी हजाराच्या आसपास माणसं पोलिसांच्या गोळीने मरतात. काळे लोक लोकसंख्येच्या १४ टक्क्यांच्या आसपास आहेत आणि लाखामागे हिशोब केला तर गोऱ्यांच्या दुपटीहून जास्त दराने मरतात. २०१९ च्या एका अभ्यासाने आयुष्यभराचा हिशोब मांडला: साधारण हजारात एक काळा पुरुष पोलिसांच्या हातून मरतो, गोऱ्या पुरुषांच्या अडीच पट.

पण फॉरवर्डमध्ये आलंय की गोरेच जास्त मरतात.

संख्येने हो. कारण ते लोकसंख्येनेच कितीतरी जास्त आहेत. भागाकार करा.

आणि तो हार्वर्डचा काळा प्रोफेसर म्हणाला ना की भेदभाव नाही?

रोलंड फ्रायर, २०१६. अर्धंच सांगितलंय तुम्हाला. त्याला ह्यूस्टनच्या डेटामध्ये गोळी झाडण्यात वर्णानुसार फरक सापडला नाही, हे खरं. पण त्याच पेपरमध्ये हे पण आहे की धक्काबुक्की, बेड्या, भिंतीला दाबणं, बंदूक रोखणं अशा गोळीच्या अलीकडच्या बळाच्या वापरात काळे आणि हिस्पॅनिक लोकांच्या वाट्याला गोऱ्यांच्या दीडपटीहून जास्त येतं.

आणि खरा वाद पुढे आहे. तो हिशोब घेतोय त्या लोकांचा ज्यांची पोलिसांशी आधीच गाठ पडलीय. पोलिस मुळात काळ्या माणसाला उगाच जास्त थांबवत असतील तर त्या यादीत निरुपद्रवी काळे लोक भरपूर येतात आणि दर आपोआप खाली दिसतो. २०२० मध्ये नॉक्स, लो आणि मुमोलो या तिघांनी नेमकं हेच दाखवलं. आणि जास्त थांबवतात का, तर स्टॅनफर्डच्या लोकांनी जवळपास १० कोटी ट्रॅफिक स्टॉप तपासले, त्यात दिसलं की अंधार पडल्यावर, म्हणजे ड्रायव्हर कोण हे दिसेनासं झाल्यावर, थांबवलेल्यांत काळ्यांचं प्रमाण घटतं. मला तरी हा पुरावा सगळ्यात पटला, साधा आहे आणि पळवाट नाही.

तेव्हा माझं मत: गोळी झाडायच्या त्या एका क्षणी पोलिसाच्या मनात रंग किती असतो यावर अजून प्रामाणिकपणे वाद घालता येतो. त्या क्षणापर्यंत कोणाला आणून उभं केलं जातं यावर मला नाही वाटत फार वाद उरलाय.

व्हिडिओ असतो तरी पोलिस सुटतात कसे?

इथे वरचा रिप्ले आठवा.

१९८४ मध्ये नॉर्थ कॅरोलायनाच्या शार्लटमध्ये डीथॉर्न ग्रॅहम नावाच्या डायबेटिक काळ्या माणसाला साखर कमी झाल्यासारखं वाटलं म्हणून तो मित्राच्या गाडीतून संत्र्याचा ज्यूस घ्यायला दुकानात गेला, रांग मोठी बघून तसाच घाईने बाहेर आला. पोलिसाला वाटलं काहीतरी चोरलं. थांबवलं, बेड्या घातल्या, आपटलं, पाय मोडला. मित्राने ज्यूस आणून दिला तो द्यायला नकार. केस सुप्रीम कोर्टात गेली आणि १९८९ ला निकाल आला तो आजही चालतो: पोलिसाने वापरलेलं बळ योग्य होतं का हे त्या जागी असलेल्या समंजस पोलिसाच्या नजरेतून ठरवायचं, नंतर सावकाश मागे वळून बघताना जे दिसतं त्यावरून नाही.

म्हणजे फुटबॉलमध्ये दोन सेकंदांचा प्ले चार कॅमेऱ्यांतून स्लो करून बघतात आणि इथे कायदा म्हणतो तसं बघायचं नाही. याला कारण आहे, बंदूक समोर असेल तर विचार करायला वेळ नसतो, हे मला मान्य आहे. पण 'तो क्षण' कुठून सुरू करायचा?

आमच्या क्लीव्हलंडचंच बघा. २२ नोव्हेंबर २०१४, टमीर राइस, वय १२, बागेत खेळण्यातलं पिस्तूल घेऊन खेळत होता. फोन करणाऱ्याने ९११ ला सांगितलं होतं की बहुतेक खोटं आहे, बहुतेक लहान मुलगा आहे. हे निघालेल्या पोलिसांना कळवलंच गेलं नाही. गाडी गवतावरून थेट त्याच्यासमोर आणून थांबवली आणि दोन सेकंदांच्या आत गोळी. त्या दोन सेकंदांपुरतं बघितलं तर पोलिस घाबरला. काही मिनिटं मागून बघितलं तर फोनवरचा निरोप, गाडी एवढी जवळ आणणं, सगळं दिसतं. ग्रँड ज्युरीने खटला भरला नाही. शहराने घरच्यांना ६० लाख डॉलर दिले.

त्याच डिसेंबरात ब्राऊन्सचा रिसीव्हर अँड्र्यू हॉकिन्स टमीर आणि ओहायोतच मारल्या गेलेल्या जॉन क्रॉफर्डला न्याय द्या असं लिहिलेला टी-शर्ट घालून मैदानात आला. पोलिस युनियनने माफी मागायला सांगितलं. हॉकिन्सने लॉकर रूममध्ये उभ्या उभ्या काही मिनिटं उत्तर दिलं, की चांगल्या पोलिसांबद्दल मला आदर आहे, न्याय मागणं म्हणजे कुणाचा अपमान नाही, आणि मला लहान मुलगा आहे. शेवटचं बोलताना आवाज फुटला. कॅपरनिकच्या जवळजवळ दोन वर्षं आधीची गोष्ट, आता कुणाला आठवतही नाही.

१५ मे २०२५ ला मात्र सुप्रीम कोर्टाने एकमताने सांगितलं की फक्त धोक्याच्या त्या क्षणापुरतं बघणं चूक आहे, आधी काय घडलं तेही बघायचं. केस ह्यूस्टनची, टोल न भरल्याच्या संशयावरून गाडी थांबवली, गाडी हलली, पोलिस दारावर चढला, दोन सेकंदांत गोळ्या, अ‍ॅश्टियन बार्न्स मेला. खालच्या कोर्टांनी तेवढेच दोन सेकंद बघितले होते. हा निकाल लागल्यावर सहा दिवसांनी टश पुशचं मतदान झालं आणि आमच्या ग्रुपवर चर्चा कशाची झाली ते विचारू नका.

तुम्ही पोलिसांची बाजू बघतच नाही.

बघतो. या देशात माणसांपेक्षा बंदुका जास्त आहेत, गाडी थांबवली की आत काय असेल सांगता येत नाही. स्टर्लिंग आणि कॅस्टिलनंतर लगेच, ७ जुलै २०१६ ला डॅलसमध्ये निदर्शनाच्या बंदोबस्तावर असलेले पाच पोलिस एका माणसाने टिपून मारले. ज्यांच्याविरुद्ध घोषणा चालू होत्या तेच त्या घोषणा देणाऱ्यांना आडोशाला नेत होते. कॅपरनिकने सरावाला पोलिसांना डुकरं दाखवणारे मोजे घातले होते ते मला तेव्हाही आवडलं नव्हतं, आताही नाही.

आपल्याला काय त्याचं? आपण ना काळे ना गोरे.

असं वाटतं. फेब्रुवारी २०१५ ला अलाबामातल्या मॅडिसनमध्ये, म्हणजे वरच्या त्या हंट्सव्हिलला लागूनच, मुलाकडे नातू सांभाळायला आलेले ५७ वर्षांचे गुजराती आजोबा सकाळी घराबाहेर फिरत होते. शेजाऱ्याने पोलिसांना फोन केला की कोणी हडकुळा काळा माणूस फिरतोय. इंग्रजी येत नव्हतं. पोलिसाने हात मागे धरून जमिनीवर आपटलं, मानेला मार बसून अर्धांगासारखं झालं. सगळं गाडीच्या कॅमेऱ्यात आहे. दोन वेळा ज्युरीचं एकमत झालं नाही, मग जजने पोलिसाला सोडलं, २०२१ मध्ये नुकसानभरपाई मिळाली. तुमचे आईवडील सहा महिन्यांसाठी येतात आणि पहाटे फिरायला जातात ना, तेच.

आणि आपल्याकडचे एन्काउंटर?

तो वेगळा लेख होईल. एवढंच सांगतो की मुंबईच्या एन्काउंटरवरून चाललेल्या पीयूसीएल (नागरी हक्कांची संघटना) विरुद्ध महाराष्ट्र राज्य या केसमध्ये सप्टेंबर २०१४ ला, म्हणजे फर्ग्युसन पेटलेलं तेव्हाच, आपल्या सुप्रीम कोर्टाने प्रत्येक अशा मृत्यूची एफआयआर, वेगळ्या टीमकडून तपास आणि मॅजिस्ट्रेट चौकशी बंधनकारक केली. कागदावर आपण अमेरिकेच्या पुढे आहोत. प्रत्यक्षात कुठे आहोत ते पेपर वाचणाऱ्याला सांगायला नको.

'एंड रेसिझम' मैदानावर लिहायचे ते कुठे गेलं?

२०२० मध्ये जॉर्ज फ्लॉइड गेल्यावर (त्याला गोळी नव्हती लागली, पोलिसाने मान गुडघ्याने दाबली होती) कमिशनर रॉजर गुडेलने व्हिडिओ काढला की खेळाडूंचं आधी ऐकलं नाही ही आमची चूक. कॅपरनिकचं नाव घेतलं नाही. मग एंड झोनवर घोषणा रंगवल्या. फेब्रुवारी २०२५ च्या सुपर बोलला ती काढून 'चूज लव्ह' लिहिलं. रंगच तो, पुसला.

खुद्द लीगमध्ये वर्णभेद आहे का?

एकच उदाहरण देतो. निवृत्त खेळाडूंच्या मेंदूच्या आजारांसाठी लीगने अब्जावधी रुपयांची सेटलमेंट केली. डिमेन्शिया झालाय का हे ठरवायच्या टेस्टमध्ये काळ्या खेळाडूची मूळ बुद्धीच गोऱ्यापेक्षा कमी धरली जायची, त्यामुळे तेवढेच मार्क पडले तरी गोऱ्याला पैसे आणि काळ्याला 'तुम्ही आधीपासूनच असे असाल'. दोन माजी खेळाडूंनी २०२० मध्ये कोर्टात धाव घेतली, बोंब झाली आणि २०२१ मध्ये लीगने हे बंद करायचं कबूल केलं. म्हणजे 'एंड रेसिझम' मैदानावर रंगवलेलं होतं त्याच सीझनमध्ये हे फॉर्म भरले जात होते.

मुलगा शाळेत टॅकल फुटबॉल खेळायचं म्हणतोय, घालू का?

बॉस्टनच्या संशोधकांनी २०१७ मध्ये १११ माजी एनएफएल खेळाडूंचे मेंदू तपासले, ११० मध्ये सीटीई (डोक्याला वारंवार मार बसून होणारा मेंदूचा आजार) सापडला. लगेच घाबरू नका, हे मेंदू घरच्यांनी दान केलेले, म्हणजे ज्यांना आधीच शंका होती त्यांचेच जास्त, त्यामुळे ९९ टक्के खेळाडूंना होतो असं त्यातून निघत नाही. पण डोक्याला वर्षानुवर्षं बसणारे छोटे छोटे धक्के वाईट यावर आता फारसा वाद नाही, मोठं कन्कशन झालं नाही तरीही.

मी आठवीपर्यंत फ्लॅग फुटबॉल सांगतो, कमरेची पट्टी ओढायची, आदळायचं नाही. २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये तो आहे, क्रिकेटच्या बरोबरीने. हायस्कूलमध्ये टॅकल हवंच असेल तर आधी कोचला दोन गोष्टी विचारा: आठवड्यात किती दिवस फुल कॉन्टॅक्ट सराव घेता, आणि डोक्याला लागलं तर परत खेळवायचं की नाही हे कोण ठरवतं, तुम्ही का डॉक्टर. दुसऱ्याचं उत्तर "आम्ही बघतो" असं आलं तर पोराला ट्रॅकला (धावण्याला) घाला.